बोट कुणाकडे? मानवाच्या पतनाची कथा आणि आपण



आजचा विषय आहे ख्रिस्ती कलेतली आणि ख्रिस्ती धर्मविचारातली मानवाच्या पतनाची कथा, म्हणजे आदाम आणि हव्वेची कथा. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी बसून ही परकी कथा कशासाठी ऐकायची, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर त्याची दोन कारणं सांगतो. पहिलं, ही कथा मराठीत येऊन चारशे वर्षं उलटली आहेत, आणि ती ओवीत आली आहे. दुसरं, पतित कोण आणि ते कुणी ठरवायचं, हा वाद या शहराने स्वतःच्या अंगावर झेलला आहे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की ही कथा आपल्याशी बोलू लागते, असा माझा अनुभव आहे.

आधी मूळ कथा पाहू. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, हा तिसरा अध्याय. अवघ्या चोवीस वचनांचा. देवाने माणसाला बागेत ठेवलं आणि एका झाडाचं फळ खाऊ नकोस म्हणून सांगितलं. साप हव्वेशी बोलला, तिने फळ खाल्लं, नवऱ्याला दिलं, त्यानेही खाल्लं. दोघांना आपण नग्न आहोत हे कळलं आणि त्यांनी अंजिराची पानं शिवून अंग झाकलं. एवढीच घटना. ते फळ सफरचंद होतं असं अध्यायात कुठेही लिहिलेलं नाही. यहुदी परंपरेत द्राक्ष, अंजीर आणि गहू अशी निरनिराळी मतं आहेत. सफरचंद रूढ केलं ते लॅटिन युरोपने आणि तिथल्या चित्रकारांनी. याच अध्यायात ‘पाप’ हा शब्दही नाही आणि ‘पतन’ हाही नाही. ते शब्द पुढच्यांनी दिले.

पण फळ खाण्यापेक्षा महत्त्वाचं त्यानंतर घडतं. संध्याकाळच्या वाऱ्यात देव बागेत फिरतो आहे आणि ही दोघं झाडांमागे लपली आहेत. देव हाक मारून विचारतो, तू कुठे आहेस? मग विचारतो, ते फळ खाल्लंस का? या प्रश्नाला ‘हो, खाल्लं’ एवढंच उत्तर पुरेसं होतं. आदाम म्हणतो, तू मला दिलेल्या या बाईने ते मला दिलं. एका वाक्यात त्याने बायकोवर ठपका ठेवला आणि ‘तू दिलेल्या’ म्हणून देवावरही ठेवला. हव्वा म्हणते, सापाने मला भुलवलं. सापाला काही विचारलंच गेलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे माणूस खरा पडला तो इथे. फळ खाताना आज्ञा मोडली. उत्तर देताना माणसाचं माणसाशी असलेलं नातं मोडलं. आज मी जे मांडणार आहे त्याचा गाभा हाच आहे. पतनाच्या सिद्धांताची कसोटी एकच आहे: तो सांगणाऱ्याचं बोट स्वतःकडे वळतं की दुसऱ्याकडे?

ही कसोटी मला एका दरवाजाने शिकवली. जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या चर्चमध्ये बिशप बर्नवार्ड यांनी १०१५ साली काशाचा एक प्रचंड दरवाजा करवून घेतला. त्याची प्रत्येक झडप अखंड ओतलेली आहे आणि दोन्ही झडपांवर मिळून सोळा चित्रचौकटी आहेत. डाव्या झडपेवर माणसाच्या निर्मितीपासून काईनाने भाऊ हाबेलचा खून केला तिथपर्यंतची कथा वरून खाली येते. उजव्या झडपेवर मरियेला देवदूताने दिलेल्या शुभवार्तेपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा खालून वर जाते. डावीकडची चौथी चौकट पाहा. देव वाकून आदामाकडे बोट दाखवतो आहे. आदाम एका हाताने अंग झाकतो आहे आणि त्याचं दुसरं बोट हव्वेकडे आहे. हव्वेचं बोट खाली, जमिनीवरच्या सापाकडे आहे. शब्द एकही नाही, पण अध्यायाचा सगळा अर्थ त्या तीन बोटांत उतरला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक कारागिराने कोणत्याही धर्मपंडिताहून ही कथा नेमकी वाचली होती. त्या चौकटीसमोर उजव्या झडपेवर काय आहे? अधिकाऱ्यापुढे उभा असलेला येशू. एकीकडे अपराधी माणूस अपराध दुसऱ्यावर ढकलतो आहे, दुसरीकडे निरपराध माणूस कुणावरही काही ढकलत नाही. ही रचना योगायोगाने झालेली नाही.

या शहराने आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर पाहिले आहेत, त्यामुळे चित्र कसं वाचावं हे इथे सांगायची गरज नाही. म्हणून आणखी तीन कलाकृतींविषयी थोडक्यात बोलतो. रोममध्ये ३५९ साली वारलेल्या जुनिअस बॅसस या अधिकाऱ्याची संगमरवरी शवपेटी आहे. तिच्यावर आदाम आणि हव्वा झाडाच्या दोन बाजूंना उभे आहेत, आणि आदामाजवळ कणसांची पेंढी आहे, हव्वेजवळ मेंढरू. शेती आणि लोकर. बागेतून बाहेर पडल्यावर घाम गाळून भाकरी मिळवायची हे त्यांच्या वाट्याला आलं, त्याची ही खूण. ज्या जिल्ह्यात ऊस आणि जनावरं यांच्यावर घरं चालतात, तिथल्या माणसाला ही खूण चटकन कळेल. दगड घडवणाऱ्याने शिक्षेबरोबर जगण्याचं साधनही त्या दोघांच्या हाती दिलं आहे. मूळ कथेतही हा कोवळा धागा आहेच. बागेबाहेर काढण्याआधी देव स्वतः त्यांना चामड्याचे अंगरखे करून घालतो. हे वाक्य प्रवचनांत फार क्वचित ऐकू येतं.

दुसरी कलाकृती फ्लॉरेन्सच्या ब्रँकाची प्रार्थनागृहातली. मासाच्चो नावाच्या तरुण चित्रकाराने १४२५ च्या सुमारास आदाम-हव्वेची हकालपट्टी भिंतीवर रंगवली. त्यानंतर काही वर्षांतच, तिशीच्या आत तो वारला. त्याच्या आधीच्या पतनाच्या चित्रांत सहसा चिन्हं दिसत. इथे माणसं दिसतात. हव्वेचं तोंड वर आहे, उघडं, आक्रोश करणारं. आदामाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आहे. तिची लाज देहाची दाखवली आहे, त्याची लाज तोंड दाखवण्याची. सतराव्या शतकाच्या अखेरीस कुणाला ही नग्नता खटकली आणि त्या दोघांवर पानं रंगवण्यात आली. १९८० च्या दशकात भिंत स्वच्छ करताना ती पानं काढली गेली. मासाच्चोला दुःख दाखवायचं होतं. नंतरच्यांना फक्त नागवेपण दिसलं.

तिसरी कलाकृती रोमच्या सिस्टीन प्रार्थनागृहाच्या छतावरची. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवलेल्या त्या छतावर मोह आणि हकालपट्टी एकाच चौकटीत आहेत. मधोमध झाड आहे. ते अंजिराचं आहे. सापाचं वरचं अंग बाईचं आहे, म्हणजे दोष स्त्रीरूपाला चिकटवण्याची जुनी खोड इथेही सुटलेली नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या चित्रातला आदाम बायकोने दिलेलं फळ निमूट घेणारा नाही. तो उभा राहून स्वतः फांदीकडे हात घालतो आहे. ‘तिने दिलं म्हणून खाल्लं’ हे आदामाचं उत्तर चित्रकाराने मान्य केलेलं नाही.

आता धर्मविचाराकडे वळू. आदामाचं कृत्य साऱ्या मानवजातीला कसं बाधलं, हा प्रश्न संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात मांडला: एका माणसामुळे मरण आलं, एका माणसामुळे जीवन आलं. यावर पहिल्या काही शतकांत निरनिराळे विचार झाले. दुसऱ्या शतकातल्या इरिनिअसला आदाम आणि हव्वा लहान मुलांसारखी, अजून वाढायची असलेली वाटत. त्याच्या मते हा अपक्वपणाचा अपराध होता आणि माणसाची वाढ पुढे चालूच राहायची होती. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगावर खोल ठसा उमटला तो मात्र उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टिनचा. त्याचा काळ ३५४ ते ४३०. आदामाचा दोष जन्माबरोबरच प्रत्येक माणसात उतरतो, तान्हं मूलही त्यातून सुटलेलं नाही, असं त्याने मांडलं. पेलाजिअस नावाच्या ब्रिटनहून आलेल्या साधूने याला विरोध केला. मूल निर्दोष जन्मतं, पाप अनुकरणाने शिकलं जातं, असं त्याचं म्हणणं. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजिअसचं मत नाकारलं. पूर्वेकडच्या ग्रीक चर्चने तिसरीच वाट धरली: आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळेपण मिळालं, अपराध मात्र ज्याचा त्याचा.

ऑगस्टिनचा सिद्धांत कठोर आहे, आणि मला तो सगळा पटत नाही. तान्ह्या बाळावर दोष ठेवणं न्यायाला धरून नाही, असं मला वाटतं. पण ज्या माणसातून तो सिद्धांत आला त्याच्याकडेही पाहिलं पाहिजे. आपल्या आत्मनिवेदनात ऑगस्टिन सांगतो की सोळा वर्षांचा असताना त्याने सवंगड्यांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरली का? चुकीचं करण्यातच गंमत वाटली म्हणून. एवढ्याशा चोरीवर तो पानंच्या पानं खर्च करतो, कारण त्याला स्वतःच्या आत आदाम सापडला आहे. इथे त्याचं बोट पूर्णपणे स्वतःकडे आहे. त्याच्या विचारातला हा भाग मला अमोल वाटतो. धोका सुरू होतो तो हे निवेदन नियम होऊन दुसऱ्याला लावलं जातं तेव्हा.

१५४६ साली ट्रेंटच्या धर्मसभेने जन्मजात पापाचा सिद्धांत नव्याने मांडला, आणि तो शिकलेला एक माणूस १५७९ साली गोव्यात उतरला. इंग्लंडमधला जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स. त्याच्या मायदेशात कॅथलिकांचा छळ चालू होता. त्याचा मित्र थॉमस पाउंड श्रद्धेपायी कित्येक वर्षं तुरुंगात राहिला. छळाच्या देशातून आलेला हा माणूस इथे ज्या राजवटीत काम करू लागला तिने साष्टीतली देवळं पाडली होती, आणि तिच्या हाताशी १५६० पासून धर्मन्यायालय होतं. हे विसरून त्याचं कौतुक करता येणार नाही. पण त्याने केलेलं काम या वस्तुस्थितीत मावत नाही, हेही खरं आहे. १६१६ साली रायतूरला छापलेलं त्याचं ख्रिस्तपुराण जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं आहे. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं गेलं. पुढे ते हस्तलिखितांतून जगलं, १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापलं गेलं आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणलं.

ग्रंथाची सुरुवातच बोलकी आहे. साष्टीत पाद्री धर्मशिक्षण देत असताना एक ब्राह्मण उठून म्हणतो की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्या जागी वाचायला आम्हाला मराठीत काही द्या. ही मागणी साहित्याची आहे आणि दुःखाचीही आहे. ज्यांची पुराणं हिरावली गेली त्यांच्यासाठी हे पुराण लिहिलं गेलं. स्टीफन्सने दोन भाग केले. पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. पहिल्या पुराणाचा सगळा भार आदामाच्या पतनावर आहे, कारण माणूस पडला नसता तर तारकाची गरजच नव्हती. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, देवाला परमेश्वर म्हणतो. ज्ञानदेव आणि एकनाथांच्या ओवीने घडलेल्या कानांना तो ही कथा ऐकवत होता, आणि एकनाथांना जाऊन तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती.

या श्रोत्यांपुढे एक अडचण होतीच. आपल्याकडे माणूस आपलं कर्म भोगतो. दुसऱ्याच्या कर्माचं फळ मी का भोगावं? हा प्रश्न साष्टीतल्या त्या ब्राह्मणाला पडला असणारच, आणि तो आपल्यालाही पडतो. कर्मविचार या बाबतीत न्यायाचा वाटतो: ज्याचं त्याला. पण त्याची दुसरी बाजूही पाहू. माणसामाणसांत जन्मतः जी विषमता आहे तिचा हिशेब कर्मविचार पूर्वजन्मात लावतो. चोखोबांच्या नावावर असलेल्या एका अभंगात, आपण मागच्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून हीन जातीत जन्मलो, असं स्वतःच म्हटलं आहे. केवढी वेदना आहे त्यात! ज्याने काही केलं नाही त्यालाच अपराधाची आठवण करून दिली गेली आणि त्याने ती मान्यही केली. आदामाची कथा दुसऱ्याच्या कृत्याचं ओझं माझ्यावर टाकते, हा तिचा अन्याय. पण ते ओझं ती सगळ्यांवर सारखं टाकते. राजा आणि रंक, पाद्री आणि पापी, सगळे एकाच बापाची लेकरं आणि सगळे सारखेच पडलेले. जन्माने शुद्ध असा कुणीच नाही.

आणि हा विचार आपल्याकडे बाहेरून आणावा लागला नाही. तो चोखोबांच्या घरातच होता. त्यांच्या पत्नी सोयराबाईंच्या एका अभंगाचा आशय असा आहे की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, विटाळावाचून कुठलाच देह नाही, मग सोवळा कोण? चौदाव्या शतकातल्या एका महार स्त्रीने पांडित्याचा कसलाही आधार न घेता सगळ्या माणसांना एका ओळीत उभं केलं. ऑगस्टिनला जे सांगायला ग्रंथ लागले त्याचा सर्वांत निर्मळ भाग सोयराबाईंनी एका प्रश्नात सांगितला, आणि तोही बाळांना दोषी न ठरवता. वारकरी संतांनी स्वतःला वारंवार पतित म्हटलं. तुकोबांनी तर हे इतकं मोकळेपणाने म्हटलं की ऐकणाऱ्याला संकोच वाटावा. पण त्यांनी शेजाऱ्याला पतित म्हटलं नाही. बोट स्वतःकडे, आणि हात विठ्ठलाकडे.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा ते हे सगळं घेऊनच तिकडे गेले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी हाती घेतलेलं ख्रिस्तायन १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. या बाईंचं स्वतःचं परिवर्तन ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला आहे, हे त्यांना आधी पटलं, सोवळं सुटलं, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. कोणताही सिद्धांत मान्य करण्याआधी त्यांनी ताटापाण्याचा भेद सोडला. धर्मविचाराचा क्रम असाच असावा असं मला वाटतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. पतनाची एक कथा या शहरातही सांगितली गेली आहे, आणि ती फार कडू आहे. तिची मुळं मात्र जुनी आहेत. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक व्हायचा होता, तेव्हा आधी व्रात्य प्रायश्चित्त करावं लागलं. पिढ्यान्‌पिढ्या संस्कार लोपले, कुळ क्षत्रियत्वापासून ढळलं, म्हणून हे प्रायश्चित्त. ज्याने स्वराज्य उभं केलं त्याला आधी पूर्वजांच्या लोपलेल्या संस्कारांची भरपाई करायला लावली गेली. सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ च्या सुमाराला, याच पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे ध्यानात आलं, आणि वेदोक्ताचं प्रकरण उभं राहिलं. विरोधकांचा युक्तिवाद काय होता? कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र हे दोनच वर्ण उरले. क्षत्रिय संस्कारहीन होऊन शूद्रत्वाला गेले. म्हणजे तेही पतनच! वंशातून उतरणारं, जन्माबरोबर चिकटणारं, ज्यासाठी तुम्ही स्वतः काहीही केलेलं नाही असं पतन. फरक एवढाच की सांगणारा स्वतः त्यातून वगळलेला होता.

हा फरक फार मोठा आहे. जे पतन सगळ्यांवर सारखं लागू होतं ते माणसाला नम्र करतं. जे पतन फक्त दुसऱ्यावर लागू होतं ते त्याला खाली दाबण्याचं हत्यार होतं. शाहू महाराजांनी या युक्तिवादाला पोथीतून उत्तर देण्यात आयुष्य घालवलं नाही. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९२० साली त्यांनी क्षात्रजगद्गुरूचं पीठ निर्माण केलं आणि त्याच वर्षी ते माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांसोबत उभे राहिले. कोण पडलेला हे ठरवत बसण्यापेक्षा ज्याला खाली ठेवलं गेलं आहे त्याला हात द्यावा, हे या शहराने दिलेलं उत्तर आहे.

मात्र ख्रिस्ती जगाचा हिशेबही तितकाच स्वच्छपणे मांडला पाहिजे. ‘सगळे सारखेच पडलेले’ हे तत्त्व सांगणाऱ्या समाजांनी ते पाळलं का? तिसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने स्त्रीला सैतानाचं दार म्हटलं. आदामाने हव्वेकडे दाखवलेलं बोट शतकानुशतकं तसंच रोखलेलं राहिलं. नोहाच्या हाम नावाच्या मुलाच्या शापाची कथा पुढे करून गोऱ्या ख्रिस्ती मालकांनी काळ्या माणसांची गुलामी समर्थनीय ठरवली. आणि आपल्या शेजारी, गोव्यात? बाप्तिस्म्याने सगळे आदामाच्या पापातून एकाच पाण्याने धुतले गेले, पण बामण, चाड्डी आणि सुदीर हे भेद ख्रिस्ती समाजात टिकले. काही चर्चच्या धर्मबंधुसंघांत विशिष्ट जातींनाच प्रवेश असे. ख्रिस्तपुराण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भक्तीने ऐकलं त्या समाजातही त्यातला सर्वांत क्रांतिकारक विचार जातीच्या उंबऱ्याशी अडला. दोष स्त्रीवर ढकलण्याची रीत आपल्याकडेही कमी नव्हती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून नेमका हाच प्रश्न विचारला: जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? हिल्डेसहाइमच्या त्या चौकटीतल्या हव्वेला वाचा फुटली असती, तर ती आदामाला दुसरं काय म्हणाली असती!

स्त्रीवर आणि देहावर लादलेल्या या दोषाच्या बाबतीत आपल्या भागातल्या दोन चित्रकारांनी मोलाचं काम केलं. आन्जेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, गोव्याचे, शांतिनिकेतनात शिकले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, आपल्या मातीतली आई म्हणून तिला रंगवलं. गोव्यातल्या धर्मगुरूंना ते रुचलं नाही; फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि रंगवत राहिले. हव्वेची कहाणी मरियेत सुधारते हा विचार दुसऱ्या शतकापासूनचा आहे. गोव्याच्या चर्चमधल्या निष्कलंक मातेच्या मूर्तींच्या पायाखाली साप दिसतो तो यामुळेच. फोन्सेकांनी ही माता आपल्यातली करून दाखवली. दुसरे फ्रान्सिस न्यूटन सूझा, जन्म १९२४, साळगावचे. चर्चमधल्या प्रतिमांवर त्यांचं बालपण पोसलं होतं. १९४९ साली मुंबईतल्या प्रदर्शनातलं त्यांचं नग्न आत्मचित्र पोलिसांनी हटवलं आणि त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले. १९५९ सालचं त्यांचं क्रूसारोहणाचं चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातला ख्रिस्त सुंदर नाही, काळवंडलेला, काट्यांनी विद्ध आहे. देहाची लाज आणि देहाचा अपराध हे ओझं सूझांनी स्वतःच्या देहावर घेऊन रंगवलं. मासाच्चोच्या आदामावर नंतर चिकटवलेली पानं त्यांनी आपल्या चित्रांवर कधी चढू दिली नाहीत.

जाता जाता एक गोष्ट दख्खनच्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी. १६६७ साली इंग्रज कवी मिल्टनने आपल्या महाकाव्यात आदाम-हव्वेला अंग झाकायला पानं दिली ती नेहमीच्या अंजिराची नाहीत. मलबारात आणि दख्खनात वाढणारं, फांद्यांतून मुळं सोडून नवे खांब उभे करणारं झाड त्याने निवडलं. म्हणजे आपला वड! इंग्रजीतलं हे थोर काव्य माणसाची पहिली लाज झाकायला आपल्या झाडापाशी आलं आहे.

आता समारोप. पतनाच्या कथेवर ख्रिस्ती कलेचं शेवटचं म्हणणं काय आहे, हे इस्तंबूलच्या एकेकाळच्या खोरा चर्चमध्ये दिसतं. तिथे चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं एक भित्तिचित्र आहे. मृत्यूचे दरवाजे मोडून येशू खाली उतरला आहे आणि एका हाताने आदामाला, दुसऱ्या हाताने हव्वेला थडग्यातून ओढून काढतो आहे. त्याने त्यांचे तळवे धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. बळ त्याचं आहे, त्यांचं नाही. आणि दोघांना एकाच वेळी ओढलं आहे. अपराधाचा वाटा कुणाचा किती, हे ओढणाऱ्याने विचारलेलं नाही.

हे चित्र श्रद्धेने पाहायचं की कलाकृती म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावं. पण त्यातला नियम सर्वांच्या कामाचा आहे. कुठलाही धर्म, कुठलाही पंथ, कुठलाही राजकीय विचार जेव्हा म्हणतो की माणूस बिघडला आहे, तेव्हा आपण दोन प्रश्न विचारावेत. बिघडलेल्यांत तुम्ही स्वतःला धरलंत का? आणि खाली पडलेल्यासाठी तुम्ही काय केलंत? पहिल्या प्रश्नाला तुकोबा आणि नासपती चोरणारा ऑगस्टिन उत्तर देतात. दुसऱ्याला शाहू महाराज. ज्याच्याजवळ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं नाहीत, त्याने माणसाच्या पतनाविषयी बोलू नये. आणि बोललाच, तर आपण त्याचं ऐकू नये. बाप्तिस्मा झालेल्यांनी आणि न झालेल्यांनी, माळकऱ्यांनी आणि नास्तिकांनी, सर्वांनी ही कसोटी आधी आपापल्या घरात लावावी. घरातल्या सुनेवर, गल्लीतल्या दुसऱ्या जातीच्या कुटुंबावर, शेजारच्या धर्मावर आपलं बोट उठतं तेव्हा आपण आदामाचंच उत्तर पुन्हा देत असतो. ते उत्तर देणं थांबवणं आपल्या हातात आहे, आणि ते आजपासून थांबवता येतं.